वाचकांचे प्रश्न : गंध आणि स्मरणशक्ती

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला गेल्या वर्षीच्या तापानंतर फोडणीचा वाससुद्धा नीट येत नाही, आणि अलीकडे ती विसरूही लागली आहे. सुगंधी तेलांचा उपयोग होईल का?

उत्तर : गंधाचा संदेश, इतर संवेदनांप्रमाणे आधी थॅलॅमसमध्ये (संवेदनांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतील केंद्रात) न जाता, भावना व स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील गंधसंशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगणाऱ्या रुग्णांपैकी काहींची घ्राणशक्ती सुधारली. हा सराव आईंनी जरूर करावा. डब्यातली लवंग आणि लिंबाची ताजी सालही चालते, मात्र हुंगताना तो वास मनाशी आठवावा. स्मरणशक्तीबद्दल मी इतक्या खात्रीने सांगणार नाही. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०२३ मधील प्रयोगात रात्री सुगंध घेणाऱ्या ज्येष्ठांना शब्द अधिक आठवले, पण तो गट फारच लहान होता. तेल पोटात घेऊ नये. वास जाणे हे पार्किन्सन किंवा अल्झायमरचेही आरंभीचे लक्षण असू शकते, म्हणून विसरण्याची तपासणी मेंदूविकारतज्ज्ञांकडून आधी करून घ्या.