कलाकृतीतला विचार शोधताना

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचे टिपण दोन्ही लक्षपूर्वक वाचले. कोणत्या कादंबरीत अस्तित्ववाद आहे, कोणत्या नाटकात नियतिवाद आहे आणि कोणत्या चित्रपटात सत्याची सापेक्षता आहे, याची तू केलेली यादी परिश्रमपूर्वक झाली आहे आणि तिच्यातील बहुतेक नोंदींवर माझा आक्षेप नाही. तरीही तुझ्या अभ्यासाची दिशा ठरण्याच्या या टप्प्यावर एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. अशा यादीत आपल्या हाती विचाराचे नाव येते, विचार येत नाही. घटनांचा क्रम, निवेदकाची निवड, कोणाला बोलू दिले आहे आणि कोणाला गप्प ठेवले आहे, या साऱ्यांतून कलाकृती विचार करत असते, आणि तो विचार तिथेच तपासावा लागतो.

टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही 1886 मधील दीर्घकथा घे. मरणाच्या दारात पोहोचलेल्या इव्हानला तर्कशास्त्राच्या पुस्तकात शिकलेले एक अनुमान आठवते : कायस मनुष्य आहे, सर्व मनुष्ये मर्त्य आहेत, म्हणून कायस मर्त्य आहे. हे त्याला आयुष्यभर मान्य होते. पण ते कायसबद्दल, एकूण माणसाबद्दल. आईवडील, लहानपणीची खेळणी, चामड्याच्या चेंडूचा वास अशा आठवणी असलेल्या आपल्याला ते लागू पडावे, हे त्याला पटत नाही. अनुमानात दोष नाही, इव्हानपाशी माहितीची उणीव नाही, आणि तरीही एखादे विधान मान्य करणे आणि ते स्वतःविषयी कळणे यांत किती अंतर असते ते इथे दिसते. हे अंतर तत्त्वज्ञाला एका वाक्यात सांगता येईल. परंतु ते वाक्यही आपण पुन्हा कायसविषयीचे म्हणूनच वाचू. टॉलस्टॉयने यावर रचनेतून उपाय शोधला आहे. कथा सुरू होते ती इव्हानच्या मृत्यूच्या बातमीने. ती वाचताना त्याच्या सहकाऱ्यांच्या मनात रिकाम्या झालेल्या पदाचे आणि बढत्यांचे विचार येतात, आणि मेला तो तो, मी नाही, असा सुटकेचा भावही येतो. वाचक त्यांच्याकडे किंचित तुच्छतेने पाहतो, आणि पुढे इव्हान तीच चूक करताना दिसला की आपणही तेवढा वेळ सुरक्षित अंतरावर उभे होतो, हे त्याच्या ध्यानात येते. तुझ्या यादीत या कथेपुढे ‘मृत्यूची जाणीव’ असे लिहिले आहे. ते खरे असले, तरी कथेने केलेले काम त्यात कोठेही दिसत नाही.

दुसरी सूचना पात्रांच्या मतांविषयी आहे. दोस्तोयेव्हस्की श्रद्धावान होता. तरीही ‘करमाझोव्ह बंधू’मध्ये त्याने ईश्वराच्या व्यवस्थेविरुद्धचा सर्वांत प्रखर युक्तिवाद इव्हान करमाझोव्हच्या तोंडी घातला. निरपराध मुलांच्या यातनांच्या मोबदल्यात मिळणारी अंतिम सुसंवादिता इव्हान नाकारतो, आणि त्याच्या युक्तिवादाला लेखकाने कोठेही मुद्दाम दुबळे केलेले नाही. पुढे याच इव्हानने रचून सांगितलेल्या कथेत महान धर्मन्यायाधीश बंदिवान ख्रिस्ताला दीर्घ भाषण ऐकवतो, आणि ख्रिस्त एका शब्दानेही उत्तर न देता त्याचे चुंबन घेतो. लगेच पुढच्या भागात वृद्ध साधू झोसिमाचे जीवन आणि उपदेश येतात. इव्हानला द्यायचे उत्तर या भागात असून ते मुद्द्याला मुद्दा अशा स्वरूपाचे नाही, असे दोस्तोयेव्हस्कीने एका पत्रातही म्हटले होते. म्हणून या कादंबरीपुढे कोणत्याही एका मताचे नाव लिहू नकोस. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर न देता एका जगण्याचे चित्र समोर ठेवले, तर ते उत्तर मानायचे की नाही, हा तिच्यातला खरोखर कठीण प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो आजही खुला आहे. त्यावर तुझे मत बनव. घाई मात्र करू नकोस.

तत्त्वज्ञाचा लेख हाती घेऊन कलाकृतीकडे जाण्यातला धोका एका प्रसिद्ध वादातून स्पष्ट होतो. व्हॅन गॉगने 1886 मध्ये जुन्या, झिजलेल्या बुटांच्या जोडीचे चित्र काढले. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने कलाकृतीच्या उगमावरील आपल्या निबंधात त्या बुटांत शेतकरी स्त्रीचे कष्ट, ओली माती आणि तिचे सारे जग पाहिले. ते वर्णन विलक्षण सुंदर आहे. परंतु कलेतिहासकार मायर शपिरो यांनी 1968 मध्ये असे प्रतिपादन केले की ते बूट त्या वेळी शहरात राहणाऱ्या खुद्द चित्रकाराचे होते आणि शेतकरी स्त्री तत्त्वज्ञाने आपल्या मनातून तिथे आणली होती. यामुळे हायडेगरचा सगळा सिद्धान्त कोसळतो असे मला वाटत नाही. पण आपल्याला जे पाहायचे असते ते किती सहज दिसू लागते, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही. रससिद्धान्ताचा थोर भाष्यकार अभिनवगुप्त याने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतून राहणे हेही एक आहे. वाचलेल्या सिद्धान्तात गुंतून राहणे हे त्याचेच विद्वान रूप मानावे.

याचा अर्थ तत्त्वज्ञान वाचू नये असा मुळीच नाही. कवींना आपल्या आदर्श राज्यातून बाहेर ठेवू पाहणाऱ्या प्लेटोने स्वतः संवाद लिहिले, त्यांत पात्रे आणि प्रसंग आणले, हे आधी वाचल्याशिवाय काव्य आणि तत्त्वज्ञान यांमधील जुने भांडण कळत नाही. विंदा करंदीकरांच्या ‘अष्टदर्शने’मध्ये तर चार्वाकासह आठ तत्त्वचिंतक हाच उघड विषय आहे. मूळ दर्शनांची थोडी ओळख करून घेऊन ते वाचलेस, तर पद्याने कोणता मुद्दा उचलला आणि कोणता सोडला हे तुला दिसेल. क्रम मात्र सांभाळ : कलाकृती आधी, तिचे भाष्यकार नंतर.

आता तुझ्या यादीतील ‘राशोमोन’विषयी. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 1950 मधील या चित्रपटाची मूळ घटना जपानी कथाकार अकुतागावाच्या 1922 मधील ‘झुडपात’ या कथेतून आली आहे. कथेत एका माणसाच्या मृत्यूविषयी सात जबान्या आहेत; त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि शेवटी निवाडा करायला कोणीही येत नाही. चित्रपटात मोडक्या वेशीखाली पावसात थांबलेली माणसे आली, लाकूडतोड्याची दुसरी साक्ष आली आणि अखेरीस टाकून दिलेले एक मूल आले, जे लाकूडतोड्या सांभाळायला नेतो. चित्रपटात साक्षीदार प्रेक्षकाकडे तोंड करून बोलतात आणि न्यायाधीश कधीच दिसत नाही, त्यामुळे निवाड्याची जागा आपल्याकडे येते. सत्य कळत नसताना माणसावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न चित्रपटाने कथेत भर घालून उभा केला आहे, आणि ‘सत्याची सापेक्षता’ या तुझ्या नोंदीत त्याला जागाच उरत नाही. शेवटच्या त्या प्रसंगाने कथेतील कठोरपणा सौम्य केला असे काहींना वाटते. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण माझी कारणे इथे देत नाही, कारण ती वाचलीस तर तू चित्रपट माझ्या डोळ्यांनी पाहशील.

आधी कथा वाच, ती एकदा पुन्हा वाच, आणि मग चित्रपट पाहा. त्यानंतर चार पाने लिही. त्यांत कोणत्याही ‘वादा’चे नाव येऊ देऊ नकोस, प्रत्येक विधानाला कथेतील किंवा चित्रपटातील एका निश्चित जागेचा आधार दे, आणि तुझ्या मताविरुद्ध जाणारी किमान एक जागा स्वतःच शोधून तिला उत्तर दे. ती पाने माझ्याकडे पाठव. मूळ यादी टाकून देऊ नकोस. पुढच्या वेळी आपण तिच्यातील नाटके घेऊ.

शुभेच्छांसह.