वाचकांचे प्रश्न : दुःखात असताना सेवा कशी करावी?

प्रश्न : गेल्या वर्षी यजमान गेले, पाठोपाठ दुकानही बंद करावं लागलं. ‘पांडुरंगाची इच्छा’ असं सगळे म्हणतात, पण मन मानत नाही. यंदा पालखीच्या मुक्कामी वारकऱ्यांचे पाय चेपण्याची सेवा करावी असं वाटतं. मनापासून शरण गेल्याशिवाय ती देवाला पोचेल का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी मन शांत करा आणि मग सेवेला या, असं वारकरी परंपरा सांगत नाही. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. दिवाळं निघालं ते बरंच झालं, असं ते अभंगात देवाला म्हणतात. मात्र ते स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणतात. दुसऱ्याचं दुःख पाहून ‘बरं झालं’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. तुम्हाला आज तसं म्हणवत नसेल तर म्हणू नका. त्यांनी पुढे काय केलं ते पाहा. देहूचं मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त केलं आणि परंपरा सांगते की, लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांतला आपला वाटा इंद्रायणीत सोडला. त्यामुळे कर्जदार सुटले. तुम्हीही हाताला येईल ते काम धरा, मनाचं विठोबावर सोपवा.

पहिल्या वर्षी एकट्याने राहुटी मांडू नका. चालू असलेल्या सेवा पथकात एका मुक्कामापुरतं, तीन-चार तास बसा. ‘घरी कोण कोण असतं?’ असं कुणीतरी विचारणारच. रडू आलं तर उठून जाता यावं, म्हणून जोडीला माणूस हवा. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता पायांचं. तेल लावण्याआधी विचारा, ‘माउली, साखर आहे का? पायाला बधिरपणा?’ बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी कोमटच ठेवा आणि आपल्या कोपराने तपासा. दर माणसामागे पाणी बदला, नाहीतर एकाच्या बोटांतल्या चिखल्या दुसऱ्याला लागतात. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. फोड फोडायचा नाही. फुटलेला असेल तर वरची कातडी न काढता स्वच्छ पाण्याने धुवा, जंतुनाशक मलम आणि निर्जंतुक पट्टी लावा. तिथे तेल नको. पावलाकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळा. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर अजिबात चेपू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्याने ती सरकली तर जिवावर बेतेल. सरळ वैद्यकीय पथकाकडे पाठवा. शेवटी तळव्याचं तेल पुसून काढा, ओल्या रस्त्यावर पाय सटकतो.

प्रश्न : पाण्याच्या स्टॉलवर मीठ-साखरेचं पाणी देताना प्रमाण काय ठेवावं?

उत्तर : १ लिटर पिण्याच्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने मूठभर टाकू नका, जास्त मीठ घातक ठरतं. पाणी झाकून ठेवा, २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या. हे जुलाब-उलट्यांनी किंवा घामाने गळालेल्यांसाठी आहे. बाकीच्यांना साधं पाणीच द्या. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असणाऱ्याला हे देण्याआधी पथकातल्या डॉक्टरांना विचारा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलत असेल तर त्याच्या तोंडात काहीही ओतू नका. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.