ढोलकीच्या कानानं ड्रमसेट: वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी पेटीचे सूर आणि तबल्याची शाई यांवर विचारणा असते, आता ड्रमसेटवर: टॉम (काठीनं वाजवायचे लहान-मोठे ढोल), स्नेअर (खाली तारा लावलेला चपटा ढोल), किक (पायानं पेडल दाबून वाजवायचा मोठा ढोल) आणि त्यांवर ताणलेली पानं. नवीन सेट कुठला घ्यावा, असंही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. आहे तो सेट सुरात लावेपर्यंत त्याचं उत्तर लांबणीवर टाकू. बेसूर लागलेला महागडा सेटही डबडाच वाजतो.

प्रश्न: आमच्या ऑर्केस्ट्राच्या सेटमध्ये १०, १२ आणि १६ इंची टॉम आहेत. तिन्हींची वरची पानं नवीन घातली. पण १२ इंची टॉम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो आणि आवाज विरताना लाटेसारखा हलत राहतो. चावी फिरवून हात दुखले. कुठं चुकतंय? – एक वाचक, निपाणी

उत्तर: ती लाट म्हणजे एकाच पानावरचे दोन जवळजवळचे सूर एकमेकांत अडकल्याची खूण. एक-दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा ढिले किंवा घट्ट आहेत. डब्याचा आवाज मात्र बहुतेक खालच्या पानाचा असावा. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. खालचं पान काठीचा मार खात नाही म्हणून वर्षानुवर्षं तेच राहतं आणि हळूहळू मरतं. वरची पानं तीन-चार वेळा बदलली की खालचं एकदा बदलायचं, हा हिशोब ठेवा.

१२ इंची टॉमचीच दोन्ही पानं उतरवा आणि आधी खोडाची, म्हणजे लाकडी नळकांड्याची, कड बघा. सपाट काचेच्या टेबलावर खोड उपडं घाला, आत मोबाईलची बॅटरी लावा, खोलीतला दिवा घालवा. कडेखालून कुठं उजेड गळत असेल तर तिथं कड खोलगट झालेली आहे. केसाएवढी फट चालते. पोस्टकार्ड सरकत असेल तर मात्र पान कितीही लावा, सूर बसणार नाही. ती कड गल्लीतल्या सुताराच्या रंध्याखाली देऊ नका. तिला ठरावीक उतार असतो, बहुधा ४५ अंशांचा, आणि तो गेला की खोड कायमचं बिघडलं. कड ठीक असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा आणि मेणबत्तीचा तुकडा तिच्यावरून एकदा फिरवा. पान त्यावर सहज सरकतं.

आता पान, त्यावर रिम (पान दाबून धरणारं कडं), आणि सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत. चावी नंतर. १२ इंची टॉमला बहुधा सहा बोल्ट असतात. घड्याळ डोळ्यासमोर आणा: १२, ६, २, ८, ४, १०, या क्रमानं प्रत्येकी अर्धा वळसा. शेजारचे बोल्ट ओळीनं आवळत गेलात तर पान एका बाजूला ओढलं जातं आणि मग मधोमध कधीच बसत नाही. ड्रमच्या बोल्टला एका इंचात २४ आटे असतात, म्हणजे पूर्ण वळशाला रिम साधारण एक मिलिमीटर खाली जाते. अर्धा वळसा म्हणजे अर्धा मिलिमीटर. दिसायला काही नाही, कानाला पुष्कळ. दोन-तीन फेऱ्यांत सुरकुत्या गेल्या की तळहातानं मधोमध दाबा. कडेला कटकट वाजेल. पान फाटत नाहीये, कडेच्या पट्टीतला डिंक मोकळा होतोय. दाबल्यावर सुरकुत्या परत दिसल्या तर पुन्हा एक फेरी द्या.

सूर ऐकण्यासाठी टॉम जाड गोधडीवर ठेवा म्हणजे खालचं पान गप्प राहील. एक बोट पानाच्या मध्यावर हलकं टेकवा आणि दुसऱ्या हातानं प्रत्येक बोल्टसमोर, कडेपासून तीन-चार सेंटिमीटरवर काठीच्या टोकानं टिचकी मारा. ढोलकीच्या वाद्या ओढताना जसं ऐकता, अगदी तसंच. एखादा बोल्ट चढा वाटला तर लगेच उतरवू नका. पुष्कळदा त्याच्या समोरचा ढिला असतो. आणि सूर खाली आणायचाच असेल तर हव्या सुराच्याही खाली जा आणि मग वर चढत या. उतरवून तिथंच थांबवलेला बोल्ट चार गाण्यांत आणखी उतरतो.

वरचं पान एकसारखं बोलायला लागलं की टॉम उलटा करून खालच्यावर हीच मेहनत. दोन्ही पानं एकाच सुरात असली की आवाज सर्वांत लांब टिकतो. खालचं एक-दीड सुरानं चढं ठेवलं की आवाज आखूड आणि सुटसुटीत होतो, आणि ऑर्केस्ट्राला हेच बरं. खालचं वरच्यापेक्षा बरंच उतरं असलं की ठोका जाड येतो, पण लगेच बसतो.

तिन्ही टॉम एकमेकांशी जुळवायला मोबाईलवरचं ट्यूनर ॲप लागतंच असं नाही. १६ इंचीला सा माना, १२ इंची त्याच्या पंचमावर लावा आणि १० इंची तार षड्जावर. आकड्यांत हवं असेल तर साधारण ८०, १२० आणि १६० हर्ट्झ. पेटीवर सा-प-सां धरून गुणगुणत लावलं तरी अर्ध्या तासात होतं. हे आकडे टॉम स्टँडवर लावून मध्यावर ठोकल्यावरचे आहेत. कडेची टिचकी बरीच वरचा सूर दाखवते, तेव्हा ॲपमध्ये ते आकडे बघून घाबरू नका. १२-१३-१६ असा सेट असेल तर सा-म-ध घ्या.

नवीन पान पहिल्या तास-दीड तासात ताणतंच. कार्यक्रमाच्या दिवशी पान बदलू नका.

प्रश्न: १० मिल, ७ मिल, एक पदरी, दोन पदरी... दुकानदार काहीही सांगतो. मिरवणुकीला कुठलं पान? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर: मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १० मिलचं एक पदरी पान पाव मिलिमीटर जाड. रेमो कंपनीचं अँबॅसॅडर आणि इव्हान्स कंपनीचं जी-वन या जातीतली. हलक्या हाताला लगेच बोलतं. त्यांचीच एम्परर आणि जी-टू ७ मिलच्या दोन पदरांची. आवाज जाड, टिकाऊपणा जास्त. मिरवणुकीत हात जड पडतो, म्हणून टॉमला वर दोन पदरी आणि खाली एक पदरी. स्नेअरच्या खालचं पान वेगळंच असतं, अवघं ३ मिलचं. तिथं टॉमचं पान घातलं तर तारा नीट बोलतच नाहीत.

प्रश्न: स्नेअरच्या तारा नुसता टॉम वाजवला तरी खर्रर्र करतात. बेस गिटार सुरू झाली तर विचारूच नका. तारा आवळल्या तर स्नेअर मुका होतो. – एक वाचक, चिकोडी

उत्तर: पूर्ण बंद होणार नाही, हे आधीच सांगतो. तारा खालच्या पानाला टेकलेल्या असतात आणि समोरचं कुठलंही वाद्य जवळच्या सुरात गेलं की ते पान हलतं. उपाय म्हणजे सुरांत अंतर पाडणं. एकेक टॉम वाजवून बघा, सर्वांत जास्त खरखर कुठल्यानं होते. बहुतेक वेळा लहान टॉम सापडतो. त्याच्या दोन्ही पानांचे सगळे बोल्ट पाव वळसा वर किंवा खाली न्या. तेवढ्यानंच निम्मी खरखर जाते.

मग स्नेअर उलटा करा. तारांच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर जास्त असले की तारा तिरक्या बसतात आणि कडेच्या तारा लोंबत राहतात. तारा वीस असतील आणि त्यातली एक जरी वाकली असेल तर ती कात्रीनं दोन्ही टोकांशी कापून टाका. सरळ करत बसू नका, ती होत नाही. खालचं पान चांगलं ताणलेलं हवं, वरच्यापेक्षा चढं. पण ते एवढं पातळ असतं की मध्यावर तळहातानं दाबून बसवायच्या भानगडीत पडू नका.

शेवटी तारांचा ताण. पूर्ण ढिल्या करा, कडेजवळ काठीनं अगदी हलकं वाजवत वाजवत आवळा. खरबरीत आवाज जिथं स्पष्ट कुरकुरीत होतो, तिथं थांबा. तुमचा स्नेअर मुका होतोय कारण तुम्ही ती जागा ओलांडून पुढं जाता.

प्रश्न: हलगी शेकतो तसं ड्रमचं पान थोडं शेकलं तर चढेल का? – एक वाचक, हुक्केरी

उत्तर: अजिबात नको. हलगीचं कातडं हवेतला ओलावा पितं, शेकलं की तो उडतो आणि कातडं आवळतं. ड्रमचं पान पॉलिएस्टरचं आहे. ते ओलावा पीत नाही, त्यामुळे शेकून काढण्यासारखं त्यात काही नसतं. आचेनं ते मऊ पडतं आणि सुरकुतलं की परत बसत नाही. दुपारच्या उन्हात ट्रॉलीवर ठेवलेला सेटही म्हणूनच उतरतो. सावलीत येऊ द्या, थंड झाल्यावरच चावी लावा.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या किकमध्ये दोन गोधड्या कोंबल्या आहेत. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॉलीवर माईक लावला तरी नुसता धप्प आवाज आला. गोधड्या काढल्या तर घुमतो. मधला मार्ग? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: मधला मार्ग म्हणजे एक उशी. मऊ, लांबट, पाठीमागच्या आणि पुढच्या दोन्ही पानांना खालच्या बाजूला जेमतेम टेकेल अशी. गोधड्यांनी हवाच कोंडते, मग माईकला पकडायला उरतं काय?

पाठीमागचं, म्हणजे पेडलच्या बाजूचं पान बोटांनी आवळून, सुरकुत्या जाईपर्यंत आणि वर फक्त पाव वळसा. २२ इंची किकला यापेक्षा जास्त ताण लागत नाही. पुढचं पान किंचित चढं. त्याला भोक नसेल तर १० ते १२ सेंटिमीटरचं करा, पण मधोमध नको. घड्याळाच्या चार-पाचच्या जागी, कडेपासून चार बोटं आत. स्टीलच्या वाटीभोवती पेनानं गोल आखा, नव्या ब्लेडनं एकाच दमात कापा, कडेला प्लास्टिकची गोल पट्टी चिकटवा. कापलेल्या कडेला एक जरी खाच राहिली तर पान तिथून फाटत जातं.

माईक भोकातून आत, पेडलच्या पानापासून एका वितीवर: ठोक्याची टक्क हवी असेल तर. माईक भोकाच्या तोंडाशी आणला की घुमारा वाढतो. किकचे दोन्ही पाय असे लावा की पुढची कड जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचललेली राहील. ट्रॉलीच्या पत्र्यावर किक थेट ठेवू नका. खाली जाड सतरंजी घाला, नाहीतर जनरेटरची थरथर सरळ माईकमध्ये येते. विसर्जनाला कपिलेश्वर तलावापर्यंत रात्रभर वाजवायचं असेल तर पेडलचा फटका बसतो त्या जागी पानावर चकती चिकटवा. पान तिथंच पहिलं फुटतं.

प्रश्न: चर्चमध्ये घुमारा एवढा की ड्रमचा प्रत्येक ठोका पुढच्यात मिसळतो. टॉमवर टिश्यू पेपर चिकटवून थकलो. – एक वाचक, खानापूर

उत्तर: जुनं पान फेकू नका. त्याची बाहेरून अडीच सेंटिमीटर रुंदीची रिंग कापा आणि नव्या पानावर नुसती ठेवा, चिकटवू नका. टिश्यूपेक्षा एकसारखी दबते. खालचं पान चढवा. आणि काठ्यांऐवजी बांबूच्या काड्यांच्या जुडीच्या स्टिक वापरा. दगडी भिंतींच्या खोलीत खरा फरक त्यांनीच पडतो.

प्रश्न: जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं. सेट चार महिने पडून असतो. पानं ढिली करून ठेवावी का? बोल्टांना खोबरेल लावतो, चालतं ना? आणि दोन बोल्ट हरवलेत, हार्डवेअरच्या दुकानातले बसत नाहीत. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: पानं ढिली करू नका. ताण सगळीकडून सारखा असला की खोड गोल राहतं. ओलावा पानाला नाही, लाकडाला लागतो. कडेचे पदर सुटले की सेट गेलाच. भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, खाली लाकडी फळी, वर सुती चादर. प्लास्टिक गुंडाळलं तर आत घाम धरतो. स्नेअरच्या तारा सर्वांत आधी गंजतात, त्या पूर्ण ढिल्या करून कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.

खोबरेल नको. ते धूळ धरतं आणि बेळगावच्या थंडीत गोठतं, मग चावी फिरते पण ताण कळत नाही. बोल्ट काढून घासा आणि आट्यांना व्हॅसलिनचं बोट लावा.

दुकानातले बोल्ट न बसण्याचं कारण आट्यात आहे. बहुतेक ड्रमचा आटा बारा-चोवीस मापाचा असतो, जाडी साडेपाच मिलिमीटर. दुकानात मिळतात ते मेट्रिक: पाच मिलिमीटरचा आत हलतो आणि ताण दिला की सरकतो, सहाचा जात नाही. तो जोरानं घुसवलात तर आतलं नट खराब होईल आणि मग खर्च बोल्टचा राहणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याला जुना बोल्ट नमुना म्हणून द्या, बारा-चोवीस सांगा आणि डोकं चौकोनी ठेवायला सांगा, नाहीतर चावी बसणार नाही. मिळेपर्यंत तेवढी जागा रिकामी ठेवून तिथं ओढाताण करू नका. हरवलेला बोल्ट स्नेअरचा असेल तर फ्लोअर टॉमच्या, म्हणजे जमिनीवर पायांवर उभ्या असलेल्या मोठ्या टॉमच्या, खालच्या बाजूचा एक बोल्ट काढून स्नेअरला लावा, टॉमला त्याची उणीव कमी जाणवते. लांबी मात्र आधी जुळवून बघा.