हे अवजार कशाचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या पेटीत पकडीसारखं अवजार सापडलं. मूठ दाबली की आतून एक बारीक खुंटी पुढे येते आणि समोरच्या गोल चकतीवर टेकते. चकतीच्या कडेला 4 ते 12 आकडे आहेत. चामड्याला भोकं पाडायचं असेल, असं घरात सगळे म्हणतात. पण भोक काही पडत नाही.

उत्तर : पडणारही नाही, कारण खुंटीचं तोंड सपाट आहे. ही करवतीचे दात फाकवायची, म्हणजे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला झुकवायची पक्कड. चकती नीट पाहा : तिची कड आकड्यागणिक कमी-जास्त उतरती आहे. आकडा म्हणजे करवतीला एका इंचात किती दात, ते. दात मोठे असले की आकडा लहान आणि उतार जास्त.

करवत शिकंजात उलटी, दात वर करून, पात्याच्या अगदी कडेशी आवळा. चकती हव्या आकड्यावर आणा. मग एक दात सोडून एक असे, जे आधीच पलीकडे झुकलेले आहेत तेच दाबत जा. टोकाला पोचलात की करवत फिरवून उरलेले दाबा. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकला पाहिजे. बुडापासून वाकवलात तर दात तुटतो, नाहीतर पात्याला लाट येते. चुकून जास्त वाकला तर पुन्हा मागेपुढे करू नका, पोलाद तिथेच चिरतं. धारेसाठी कानस शेवटी मारायची.

फाक इतकी, की काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडावा. जाडीच्या दीडपट ही वरची हद्द समजा. ओल्या, मऊ लाकडाला जास्त लागते, सुक्या कठीण लाकडाला कमी. फाक अपुरी असेल तर करवत लाकडात आवळते. काप एकाच बाजूला पळत असेल तर त्या बाजूचे दात जास्त फाकलेत. करवत आडवी ठेवून त्या बाजूवरून धार लावायचा सपाट दगड एकदाच, हलक्या हाताने फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

प्रश्न : लाकडी भूछत्र, दांडा वितीपेक्षा लहान. माथ्यावर सुईने ओरखडल्यासारख्या असंख्य रेघा. खेळणं?

उत्तर : रेघांनीच उत्तर दिलं आहे, त्या सुईच्याच. मोजा रफू करताना हे आत घालायचं. भोक माथ्यावर आणा, पण मोजा ताणू नका. ताणलात तर भूछत्र काढल्यावर रफूची गाठोळी होते आणि ती टाचेला टोचते. भोकाच्या कडेपासून सुमारे 1 सेंटीमीटर आधी, शाबूत विणीत टाके सुरू करा. आधी सगळे उभे धागे, मग एक वर एक खाली असे आडवे.

प्रश्न : लोखंडी सळईच्या टोकाला तांब्याचा टोकदार ठोकळा, मागे लाकडी मूठ. घासून लख्ख केला आहे. याचा उपयोग काय?

उत्तर : पत्र्याला डाख (सांधा जोडणारा, सहज वितळणारा धातू) द्यायचं, विजेच्या आधीच्या काळातलं साधन. तांबं उष्णता साठवून झटकन सांध्याला देतं. लोखंड ती सावकाश वाहतं, म्हणून मूठ हाती धरवते. टोकावरची करडी पुटं तुम्ही मळ समजून काढलीत, पण तीच कामाची होती : ती डाखाची कल्हई. (ओळख पटेपर्यंत जुनी वस्तू घासू नये, ते यासाठीच.)

वापरायचा असेल तर टोकाच्या बाजूंवरून कानस फिरवून ताजं तांबं काढा. ठोकळा आचेवर तापवा. भोवतीची ज्योत हिरवट दिसू लागली की बाहेर काढा. टोक नवसागराच्या वडीवर घासा आणि लगेच त्यावर डाख वितळवून चकचकीत थर पसरवा. नवसागराचा धूर घशाला झोंबतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. ठोकळा लाल होऊ दिलात तर कल्हई जळते, डाख थेंबाथेंबाने घरंगळतो आणि पुन्हा कानशीपासून सुरुवात.