बासचा कडक लूर कोल्हापुरात चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बास माशाचे व्हिडिओ बघून तुम्ही कडक प्लास्टिकचा एक लूर, म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष, मागवला. पुढे पारदर्शक जीभ, पोटाखाली दोन तीनतोंडी गळ. तीन रविवार दुपारभर पाण्यावर घालवले, सारखा फेकून सारखा ओढला, एक मासा लागला नाही. मग लूर बोगस आहे की आपल्या पाण्यात दम नाही?

लूर चांगला आहे आणि पाणीही चांगलं आहे. चुकतंय ते सारखं ओढणं.

आधी बासचं सांगतो. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. पंचगंगेत, भोगावतीत, राधानगरीच्या जलाशयात तो नाही. माझी त्याच्याशी गाठ पडली जपानात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी होतो, तिथून दोन वर्षांसाठी शिगा प्रांतात कामाला गेलो. खोलीपासून बिवा सरोवर सायकलवर दहा मिनिटं. जपानात हा मासा १९२५ मध्ये आशी सरोवरात पहिल्यांदा सोडला आणि पुढे देशभर पसरला. याच बिवात २००९ साली १०.१२ किलोचा बास लागला आणि अमेरिकेतल्या जॉर्जियात १९३२ साली लागलेल्या माशाच्या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. मला तिथं किलोच्या वरचे मोजून चार मिळाले. पण शिकायला मिळालं ते आजही भोगावतीवर कामाला येतं.

डिसेंबरातली सकाळ होती, बोटं आखडलेली. आमच्या खात्यातले एक वयस्कर सहकारी मला धक्क्यावर घेऊन गेले. त्यांनी लूर फेकला, रीळ पाच-सहा वेळा फिरवून तो खाली नेला, काठीच्या टोकाला दोन छोटे झटके दिले आणि थांबले. इची, नी, सान... सातपर्यंत मोजलं. पुन्हा दोन झटके, पुन्हा सात. माझ्या हातात काठी आल्यावर मी दोन मोजायचो आणि ओढायचो. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्या रिळाच्या दांड्यावर आपला तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. दोरा पाण्यावर सैल पडलेला, त्याला कमानीसारखा बाक आलेला. पाच झाले, सहा झाले. ती कमान हळूहळू सरळ व्हायला लागली. हाताला काही जाणवलं नाही, नुसता दोरा डावीकडे सरकत होता. त्यांनी हात काढला आणि "आता" म्हणाले. वीतभराहून थोडा मोठा बास होता, पण मासा लूर घेतो कधी हे मला त्या दिवशी कळलं. थंड पाण्यात मासा जड झालेला असतो, पाठलाग करत नाही. समोर आयतं थांबलेलं भक्ष्य मात्र सोडत नाही.

या लूरचा सगळा जीव त्याच्या डुलण्यात आणि थांबण्यात आहे. फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने तळ्यात बघून ठेवलं होतं की शिकारी मासा अख्ख्या थव्यातून जखमी, डुगडुगणारा मासाच निवडतो. १९३६ च्या सुमारास त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, चकाकीसाठी चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ कडक लूरच्या मागे हीच कल्पना आहे. जखमी मासा एका दमात सरळ पोहत नाही. चार हात जातो, थांबतो, तिरका होतो, पुन्हा धडपडतो. तुमच्या लूरला हेच नाटक करायला लावायचं.

त्यासाठी तुमच्याकडे नेमका कुठला प्रकार आलाय ते आधी बघा. घरी हौद किंवा मोठी बादली असेल तर लूर दोरा बांधून त्यात सोडा. सोडल्यावर वर आला तर तो तरंगता. तळाला गेला तर बुडीचा. मध्येच अधांतरी राहिला तर ठरावीक खोलीवर थांबणारा, म्हणजे बिवातल्या त्या सकाळचा. मग जीभ बघा. आखूड आणि खाली वळलेली असेल तर लूर हात-दीड हातापेक्षा खोल जात नाही. लांब आणि अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर चांगला खोल जातो. तंगूस, म्हणजे लूरचा दोरा, बारीक असेल तर आणखी खोल, जाड असेल तर कमी. ओढताना लूर एका अंगाला कलंडत जात असेल तर तो फेकून देऊ नका. त्याला जिकडे न्यायचंय तिकडे नाकातली कडी पकडीने केसभर वाकवा. केसभरच, जास्त वाकली की काम बिघडतं. रंगासाठी जीव टाकू नका. स्वच्छ पाण्यात चंदेरी, गढूळ पाण्यात गडद किंवा भडक, एवढं पुरतं.

आता आपल्याकडं हा लूर कोण खाईल? रोहू, कटला, मृगळ यांच्या नादाला लागू नका. त्यांना कणकेची गोळीच बरी. तुमचे तीन रविवार बहुतेक त्यांच्याच पाण्यात गेले. बासचा आपल्याकडचा भाऊ म्हणायचा तर तो मरळ. दबा धरून बसणार, केंदाळाच्या कडेला, बुडक्या फांदीच्या सावलीला, लव्हाळ्याच्या मुळाशी. मरळ हवा घ्यायला वर येतो. पहाटे काठावर गप्प बसलात तर "गुळुक" असा आवाज ऐकू येतो आणि गोल वलय उठतं. तिथं मासा आहे, ही पक्की खूण.

भोगावतीच्या काठाला माझ्या मामांचं शेत आहे. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, वरच्या अंगाला पाणी उभं राहतं आणि काठची जुनी उंबराची फांदी अर्धी पाण्यात जाते. मी तरंगता लूर फांदीच्या पलीकडे टाकतो आणि संथ ओढत आणतो. जीभ फांदीला टक्कन लागते, ते हाताला कळतं. इथं नवखा माणूस हिसका देतो आणि दोन्ही गळ लाकडात रुततात. तुम्ही उलट दोरा सैल सोडा. लूर आपोआप मागं सरकून वर यायला लागतो, अडकत नाही. वर येताना तो हलकासा डुलतो, आणि मरळ येतो तो बहुतेक त्याच क्षणाला. मामा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा मी घाईने ओढत होतो. ते बांधावरूनच म्हणाले, "आरं, बगळा बघ की कसा हुबा ऱ्हातोय. तू का पळतोयस?" त्यानंतर दहा मिनिटांत त्यांच्यासमोरच मरळ लागला.

मरळाचं तोंड हाडाचं, म्हणून बासवर चालणारा नाजूक दोरा नको. वीस-तीस पौंडांचा ताण सोसणारा विणलेला दोरा घ्या, काठी सहा-सात फुटी, मध्यम ताकदीची. स्वस्त लूरचे गळ उघडे पडतात, ते बदलून घ्या. मासा लागला की मोठा झटका देऊ नका, काठी वर ठेवून दोरा ताणत राहा. आणि दाट केंदाळाच्या मधोमध हा लूर टाकू नका. तीनतोंडी गळ प्रत्येक देठाला धरतो. मोकळ्या पाण्याची आणि केंदाळाची जिथं शिवण आहे, तिथं टाका.

गळाच्या बाबतीत मी कडक आहे. माझ्या चुलतभावाच्या तळहातात लूरचा मागचा गळ शिरला होता. पुढच्या गळाला धडपडणारा मासा, मागचा भावाच्या हातात. तालुक्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत त्याने दात खाऊन सहन केलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो. मासे फारसे सुटत नाहीत, आणि जो सोडायचा तो जिवंत सुटतो. लांब नाकाची पक्कड खिशात असल्याशिवाय काठावर जाऊ नका.

पावसाळ्यात मात्र हे सगळं बंद. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याला सांगायला नको. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती बघता बघता चढते. लाल पाण्यात लूर माशाला दिसतही नाही. शिवाय तो मरळाच्या विणीचा काळ. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा खदखदताना दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात. तिथं लूर टाकला तर ते भूक नसताना धावून येतात, आणि ते काढले की एका दिवसात सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात जातात. असा गोळा दिसला की मी काठी आवरून दुसरीकडे जातो. तुम्हीही जा, ही माझी कळकळीची विनंती. वरच्या अंगाला खळाळत्या पाण्यात कधी महाशीर लागला तर हात ओले करून सोडून द्या.

तलावावर जाणार असाल तर मासेमारीचा ठेका कुठल्या संस्थेकडे आहे ते आधी विचारा. बहुतेक तलाव ठेक्याने दिलेले असतात आणि त्यावर भोई कुटुंबांची चूल चालते. विचारून गेलात तर तेच लोक मरळाची जागा दाखवतात.

तुमच्या प्रश्नाखाली एकाने बासची पिल्लं आणून रंकाळ्यात सोडायची कल्पना मांडली आहे. कृपा करून कुणी असलं करू नका. बिवात या माशाने तिथल्या मूळ माशांचा इतका फडशा पाडला की शिगा प्रांतात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला बंदी आहे. काठावर त्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात, मी पकडलेले सगळे बास त्यात टाकले आहेत. बाहेरून आलेल्या चिलापी (तिलापिया) माशाने आपल्या तळ्यांचं काय केलंय ते आपण बघतोच आहोत.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की पहाटे जा, सहा ते साडेआठ. एका जागी दहा फेक, मग वीस पावलं पुढे. दर वेळी लूर थांबला की मनात पाचपर्यंत मोजा, गारठा असेल तर सातपर्यंत. हौदात लूर तरंगला की बुडाला ते इथं लिहा, म्हणजे किती वेळ थांबायचं आणि कुठल्या पाण्यात टाकायचा ते नेमकं सांगतो.