दुधाचेच दात ना, पडतीलच की!

यंदा गणेश चवथीच्या तोंडावर पत्रं आली ती बरीचशी मुलांच्या दातांची, त्यातली तीन इथे घेतलीत. पहिल्या पत्राला उत्तर जरा लांबलंय पण तेच सगळ्यात जास्त घरांत लागू पडेल असं वाटतं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा. वरचे पुढचे चारही दात तपकिरी झालेत, एकाचा तर टवकाच उडालाय. खालचे मात्र पांढरेशुभ्र. रात्री दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय झोपत नाही, दूधही साखर घातलेलंच लागतं. सासूबाई म्हणतात दुधाचेच दात ना, पडतीलच की, डॉक्टरकडे कशाला न्यायचं त्याला. काय करू? (एक आई, वाळपई)

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंत की खालचे पांढरेशुभ्र आहेत, त्यातच सगळं आलं. बाटली चोखताना बाळाची जीभ खालच्या दातांवर येते आणि जिभेखालूनच लाळ सुटते त्यामुळे खालचे वाचतात, आणि वरच्या दातांभोवती मात्र दूध तसंच साचून राहतं. त्यात झोपेत लाळ एकदम कमी होते. म्हणजे दात धुवायला कोणीच नाही, आणि साखर रात्रभर. तोंडातले जंतू, त्यातला मुख्य स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, ही साखर खाऊन आम्ल करतात, आणि तोंडाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. दिवसा खाल्ल्यावर लाळ अर्ध्या-पाऊण तासात ते सावरून घेते, रात्री ते होत नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात, आणि कीड पुढून सुरू झाली की मागे जायला वेळ लावत नाही. दाढेत पू झाला की पोरगं एका बाजूनेच खातं, भात गिळून टाकतं, रात्री उठून रडतं, वजन वाढत नाही. खाली कायमचा दात तयार होत असतो त्यालाही तो पू बाधू शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात, मग कायमचा दात वाकडा येतो नाहीतर हिरडीतच अडकतो. सासूबाईंना हे एवढं जरूर वाचून दाखवा, त्यांच्या वेळी हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यांची काही चूक नाही. आणि तुमचीही नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया आधी रडतात, मग तोंड उघडतात. बाटलीने दात किडतात हे बाळ सहा महिन्यांचं असताना कुणी सांगितलेलंच नसतं त्यांना.

बाटली एका रात्रीत काढू नका, घरभर रडारड होईल आणि तिसऱ्या दिवशी आजी परत देतील. आधी साखर कमी करत करत बंद करा, मग दुधात दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी वाढवा, दहा-बारा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरेल आणि त्याचा त्यालाच कंटाळा येईल. दूध संध्याकाळी पेल्यातून द्या. झोपताना ब्रश, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. ब्रश तुम्हीच करायचा, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, वरचा ओठ उचलून. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ते नीट जमतच नाही.

आणि डॉक्टरकडे न्यायचंच, चवथ झाल्यावर बघू असं नको. बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमध्ये लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे तिथे दाखवा, नाहीतर जवळच्या कुठल्याही डेंटिस्टकडे. जाताना 'गप बस नाहीतर डॉक्टर सुई टोचतील' असं मात्र कृपा करून म्हणू नका, ते वाक्य आमच्या खुर्चीपर्यंत येतं आणि पुढची दहा वर्षं मुलाच्या डोक्यातून जात नाही. धाकटं असेल घरात तर महिन्यातून एकदा त्याचाही ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण, आणि तेवढ्यावर धरलं तर फ्लोराइडने (दाताचं कवच घट्ट करणारा पेस्टमधला घटक) आणि सवयी सुधारून ती परत भरून येऊ शकते. तपकिरी खड्डा झाला की मग नाही.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा, मुंबईहून चवथीला येतो. सून सांगते गोड अजिबात द्यायचं नाही. घरात मोदक, नेवऱ्या, पातोळ्यो, पोराला नाही कसं म्हणायचं? आम्ही आंब्याच्या पानाने दात घासले, मी सत्तरीची आहे, दात अजून शाबूत आहेत. (एक आजी, मये)

उत्तर : आजी, मोदक द्या. पानात द्या, जेवणाबरोबर, दोन खाल्ले तरी चालतील. सुनेलाही दाखवा हे.

दाताला त्रास होतो तो गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं त्याने. स्वीडनमध्ये 1940 च्या दशकात विपेहोम नावाच्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांच्या संस्थेत यावर प्रयोग झाला, तिथल्या माणसांना त्यांची संमती न घेता चिकट टॉफ्या खायला घातल्या, त्यांचे दात पार नासले, आज असं कुणी करू धजणार नाही आणि करूच नये. पण त्यातून कळलं ते हे की जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे वाढीव किडले नाहीत, दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड चघळणाऱ्यांचे भराभर किडले. त्या माणसांनी मोजलेली किंमत आठवून तरी आपण हे पाळावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून नेवऱ्यांचा डबा पोराच्या हाताला लागेल असा ठेवू नका. येता-जाता एक, शेजारी गेला की एक, गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून एक, असं झालं की दिवसभर तोंडात आम्लच. तसंच खाजें, चिकट चॉकलेट, आंब्याची साठ. आणि फक्त गोडच नाही, संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की येणारी बिस्किटं आणि पाकिटातले वेफर्स दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, त्या पिठाचीही तोंडात साखरच होते. मधल्या वेळी काकडी, पेरू, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, उकडलेलं अंडं असं काही द्या, वर पाणी.

आंब्याच्या पानाचं म्हणाल तर तुमच्या लहानपणी दर दोन तासांनी बिस्किटाचा पुडा फुटत नव्हता, दातांना विसावा मिळायचा, मला वाटतं तुमचे दात टिकले ते जास्त त्यामुळे. पानात फ्लोराइड नाही. सकाळी त्याला अंगणात नेऊन पानाने घासायला शिकवा, त्याला मजा येईल, पण रात्री पेस्टच. आणि दात दुखतो म्हणून मशेरी बोटाला लावून कधीच देऊ नका, ती भाजलेली तंबाखू आहे.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, खालच्या शेवटच्या दाढेत काळा खड्डा आहे. डॉक्टर म्हणाले ही कायमची दाढ. पण तिथला एकही दात पडलेला नाही, मग कायमची कशी? पेस्ट मुलांचीच वापरतो. (एक वडील, फोंडा)

उत्तर : डॉक्टर बरोबर आहेत. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, काही न पडता, गुपचूप, म्हणून तिला सगळे दुधाचीच समजतात. माझ्या सख्ख्या भाचीचं असंच झालं, मी दर रविवारी भेटत होतो तिला आणि दुखायला लागेपर्यंत तोंडात बघितलं नाही, त्याचं वाईट अजून वाटतं. ही दाढ जन्मभर पुरवायची आहे तेव्हा फिलिंग लगेच करून घ्या.

पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड किती ते वाचा. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते नसतंच. निदान 1000 पीपीएम हवं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी, तुमच्या मुलीलाही तेवढी पुरे. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड सगळं धुऊन जातं.

बाकीच्या तीन कोपऱ्यांतल्या दाढा चांगल्या असतील तर फिलिंगच्या वेळीच त्यांच्या खाचांवर सीलंट (खाचा बुजवणारा पातळ लेप) लावायचं का ते विचारा, दुखत नाही, सुई नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास यांच्या मागे दुसऱ्या दाढा येतील, त्याही अशाच गुपचूप, तेव्हा परत एकदा दाखवून या.