रात्री पाठ, सकाळी सपाट

*ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असल्याचं तपासणीत निघालं. रात्री ११ वाजेपर्यंत मी त्याच्याकडून शब्द घोटून घेते, पहाटे ५ला पुन्हा उठवते. रात्री आलेला शब्द सकाळी आठवत नाही. दिवसभर चुळबुळ. ‘मेंदूचा आलेख काढा’ असं एक नातेवाईक म्हणतात. काढू का? – एक आई*

तुमच्या पत्रात माझी नजर दोनच आकड्यांवर अडकली, ११ आणि ५. म्हणजे सहा तास झोप. या वयाला ९ ते १२ तास लागतात हो! (मी स्वतः परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांतली, त्यामुळे रागावत नाही.)

घोटणं हे अर्धंच काम. दिवसा शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये कच्चं नोंदलं जातं. ते पक्कं होतं झोपेत, गाढ झोपेतल्या संथ लहरी आणि सेकंद-दोन सेकंद टिकणाऱ्या ‘स्पिंडल’ नावाच्या जलद लहरींच्या मदतीने. या स्पिंडल पहाटेच्या झोपेतही भरपूर असतात आणि तुम्ही नेमकी तीच झोप मोडता. चुळबुळीचंही तेच. झोप कमी पडलेलं मोठं माणूस पेंगतं, मूल उलट जास्त उधळतं.

पण झोप वाढवली म्हणून डिस्लेक्सिया जाईल, असं समजू नका. अक्षर आणि ध्वनी जोडण्याची त्याच्या मेंदूची रीतच वेगळी आहे, त्यासाठी उपचारात्मक शिक्षण चालूच ठेवायचं. अपुरी झोप त्यावर दुसरं ओझं टाकते, तेवढं मात्र उतरवता येतं.

आता आलेख. ईईजीवरून, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावरून, डिस्लेक्सियाचं निदान होत नाही, नुसत्या खात्रीसाठी काढू नका. मात्र तो मधेच शून्यात बघत थबकत असेल, झोपेत तोंडाची एक बाजू उडत असेल किंवा येणारी भाषाच विसरायला लागला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे लगेच जा. फिट्सचे काही प्रकार फक्त झोपेत दिसतात. लांडाउ आणि क्लेफ्नर या संशोधकांनी १९५७ मध्ये बोलणं हरवत गेलेल्या अशाच मुलांचं वर्णन केलं होतं. म्हणून डॉक्टर कधीकधी झोपेतला ईईजी सांगतात.

त्याआधी आज रात्री एक करा. तो झोपल्यावर थोडा वेळ शेजारी बसा. तोंड उघडं आहे का? घोरतो का? श्वास क्षणभर थांबून मग दचकल्यासारखा परत येतो का? मान मागे टाकून झोपतो का, उशी घामाने ओली होते का? असं असेल तर मोबाइलवर चित्रण करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढलेल्या अ‍ॅडिनॉइड्स (नाकामागच्या गाठी) किंवा टॉन्सिल्समुळे झोप रात्रभर तुटत राहते आणि मुलाला ते सांगता येत नाही.

शब्द संध्याकाळीच घ्या, तीस नकोत, आठ-दहा पुरे. आणि विचारायचे ते सकाळी, तो स्वतःहून उठल्यावर.

५चा गजर आजच बंद करा. सवयीने जाग आलीच तर तुम्ही उठा, त्याला झोपू द्या.

– तुमची ताई